आधी बॅग टाका, मग फिरा

परदेशी विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी निवड झाली की कोल्हापुरातल्या घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो, दुसरा जेवणाचा. तिसरा प्रश्न मुलं घरात काढत नाहीत, मित्रांत काढतात: वर्ग ऑक्टोबरात सुरू होणार, मग सप्टेंबरातच जाऊन थोडं एकट्यानं फिरून घेतलं तर? प्रश्न रास्त आहे. एकदा वर्ग सुरू झाले की सलग आठ दिवस हाताला लागत नाहीत. सेमिस्टर संपतं तेव्हा परीक्षा, खोली रिकामी करणं आणि खिशातला खडखडाट हे सगळं एकदमच येतं. तेव्हा फिरायचं तर आधी, हे गणित बरोबर आहे. चुकतो तो क्रम. मुंबईहून निघायचं, वाटेत एखादं शहर करायचं, मग चार देश आणि शेवटी विद्यापीठाच्या गावी उतरायचं, असा बेत बहुतेक जण आखतात. तो उलटा करा. थेट विद्यापीठाच्या गावी जा, खोलीची किल्ली घ्या, मोठ्या बॅगा तिथं टाका, दोन-चार कागद मार्गी लावा आणि मग पाठीवर एक सॅक घेऊन बाहेर पडा. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

तारीख व्हिसा ठरवतो

तिकीट काढण्याआधी त्या देशात किती दिवस आधी शिरता येतं ते बघा. अमेरिकेचा एफ-1 किंवा जे-1 व्हिसा असेल, तर विद्यापीठानं पाठवलेल्या कागदावर जी सुरुवातीची तारीख छापलेली असते तिच्या फार तर 30 दिवस आधी उतरता येतं. ‘मग आधी टुरिस्ट व्हिसावर जा की’ असं सांगणारे एक काका प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका. शिकायला निघालेला माणूस पर्यटक म्हणून उतरला की इमिग्रेशनच्या खिडकीपाशी उत्तरं देता देता घाम फुटतो, आणि त्या व्हिसावर सेमिस्टर करता येत नाही ते वेगळंच. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्ससाठी फक्त एक आठवडा आधी जाता येतं, त्याहून मोठ्या कोर्ससाठी एक महिना आधी. म्हणजे एका सेमिस्टरसाठी ब्रिटनला जाणाऱ्यानं आधीच्या भटकंतीचा बेत सात दिवसांतच बसवायचा. ऑस्ट्रेलियात कोर्स सुरू होईपर्यंत विद्यार्थ्याला काम करता येत नाही, तेव्हा ‘तिथं जाऊन चार पैसे कमवू आणि फिरू’ हा हिशेब कागदावरच राहतो.

खरा वाव युरोपात आहे. 90 दिवसांहून जास्त राहायचं असेल तर त्या देशाचा लाँग-स्टे, म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो. तो हातात असला की शेंगेनमधल्या इतर देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत हिंडता येतं. पण व्हिसावर ‘पासून’ म्हणून जी तारीख असते तिच्या आदल्या दिवशीही आत घेत नाहीत. म्हणून अर्ज भरतानाच दोन-तीन आठवडे अलीकडची तारीख मागा आणि त्या जादा दिवसांची राहण्याची सोय आणि विमा त्याच अर्जाला जोडा. व्हिसा हातात आल्यावर तारीख बदलून घेणं म्हणजे पुन्हा सगळी वारी. आणखी एक रकाना वाचायचा असतो तो प्रवेशांचा. तिथं ‘मल्टी’ असेल तरच शेंगेनबाहेर पाऊल टाका. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. स्विट्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. हे नियम दर दोन-चार वर्षांनी हलतात, त्यामुळे शेवटचा शब्द वकिलातीच्या वेबसाइटचा, एजंटचा नाही आणि या लेखाचाही नाही.

एकशे चाळीस वर्षांपूर्वीचे मधले चार महिने

कोल्हापुरात बसून हा विषय निघाला की आनंदीबाई जोशींची आठवण व्हायलाच हवी. गोपाळराव कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते तेव्हा त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला. 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत चढल्या. वय 18, नात्यातलं कुणी सोबत नाही, ओळखीच्या होत्या त्या मिशनरी बाया. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायचं होतं ऑक्टोबरात. म्हणजे त्यांच्या हातातही तोच मधला काळ होता, आणि चांगला चार महिन्यांचा. तो त्यांनी रोझेलला कार्पेंटर कुटुंबात काढला. एक घर, एक गाव, तिथलं जेवण, तिथली भाषा, तिथली माणसं. कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा देश अगदीच परका राहिला नव्हता. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये नेमलं, पण रुजू होण्याआधीच फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. त्या चार महिन्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आज निघणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं उचलावं असं मला तरी त्यातच जास्त दिसतं.

पहिले चार दिवस विद्यापीठाच्या गावचे

बॅगा आधी टाकायच्या याचं पहिलं कारण वजन. सेमिस्टरला निघालेला मुलगा 23 किलोच्या एक-दोन बॅगा, केबिन बॅग आणि लॅपटॉपची सॅक घेऊन उतरतो. हे घेऊन रोमच्या टर्मिनी स्टेशनवर किंवा पॅरिसच्या मेट्रोच्या जिन्यावर उभं राहून बघा. दोन्ही हात गुंतलेले, डोळे पाटीवर, खिशात पासपोर्ट. खिसेकापूंना याहून सोपं गिऱ्हाईक मिळत नाही. स्टेशनावर लॉकर असतात, पण सर्वांत मोठ्या खणातही आपली मोठी बॅग आडवी-उभी करून बसवावी लागते, आणि भाडं दर 24 तासांनी पुन्हा चढतं.

दुसरं कारण कागद. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्याची अपॉइंटमेंट मोठ्या शहरात सहज मिळत नाही, म्हणून कोल्हापुरातून निघण्याआधीच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. नोंदणीचा तो एक कागद बँक खात्यापासून पुढच्या रेसिडेन्स परमिटपर्यंत सगळीकडे मागतात. इटलीत नियम आणखी कडक आहे. लाँग-स्टे व्हिसावर उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टातून करावा लागतो. आधी पंधरा दिवस फिरून मग अर्ज करू म्हणणाऱ्याची मुदत व्हेनिस बघण्यातच संपते. फ्रान्स त्या मानानं सोपा. तिथला विद्यार्थी व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घेता येतो.

तिसरं कारण विमा, आणि इथं भलेभले फसतात. जर्मनीतला विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा सेमिस्टरबरोबर सुरू होतो, विमानातून उतरल्याबरोबर नाही. हिवाळी सेमिस्टर अधिकृतपणे 1 ऑक्टोबरला सुरू होतं. तुम्ही 10 सप्टेंबरला उतरलात तर मधले तीन आठवडे तुम्ही कुणाच्याच विम्यात नाही. आल्प्समध्ये पाय मुरगळला तर बिल थेट आईबाबांच्या खात्यावर. म्हणून इथूनच किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा घ्या आणि त्याची मुदत सरकारी विमा सुरू होण्याच्या तारखेच्या पुढे आठवडाभर जाऊ द्या.

हॉस्टेलची खोली बहुधा 1 ऑक्टोबरपासूनच मिळते, हे या सगळ्यातलं मोठं लचांड. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून विचारा, बॅगा कुठं ठेवता येतील? बऱ्याचदा सोय निघते. एखादा सीनियर, गावातलं मराठी मंडळ, वसतिगृहाचा केअरटेकर. विचारायला लाजू नका. भाडं भरून दोन आठवडे आधी खोली मिळत असेल तर ते पैसे वाया गेले असं समजू नका. पाठीमागं एक कुलूपबंद खोली आहे या भरवशावर माणूस फार निर्धास्त फिरतो.

रंगीत तालीम हंपीला

परदेशात एकट्यानं फिरायचं आणि आजवर एकटे पुण्यापलीकडे गेला नाहीत, असं असेल तर जून-जुलैमध्ये एक तालीम करून टाका. पन्हाळा, ज्योतिबा, गगनबावडा यात धरू नका. तिथं कुणीतरी ओळखीचं भेटतंच. जिथं आपली भाषा चालत नाही आणि पाट्या वाचता येत नाहीत असं ठिकाण निवडा. कोल्हापूरकराला त्यासाठी लांब जावं लागत नाही. हरिप्रिया एक्सप्रेस कोल्हापुरातून मिरज, बेळगाव, हुबळीमार्गे तिरुपतीला जाते आणि वाटेत होस्पेट, म्हणजे होसपेटे लागतं. तिथं उतरून हंपी गाठा. दोन रात्री पुरतात.

या दोन रात्रींत बघायचं ते विरूपाक्ष मंदिर आणि विठ्ठल मंदिराचा दगडी रथ, हे खरंच. पण तालीम वेगळीच आहे. होसपेटेच्या बसस्टँडवर गाड्यांवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, आकडेसुद्धा कधीकधी कन्नड. कंडक्टरला थांबवून विचारावं लागतं, उत्तर अर्धवट कळतं, आणि तरीही गाडीत चढावं लागतं. ‘एष्टु?’, म्हणजे ‘किती?’, एवढं आपल्याकडच्या पोरांना येतंच. पुढचं हातवाऱ्यांवर निभतं. रात्री खोलीवर एकटं परत येणं, एका माणसाचं जेवण मागवणं, टेबलावर फोन न काढता बसणं, सकाळी आपलं आपण उठून गाडी पकडणं हे सगळं होऊन जातं. आईला कितीदा फोन करावासा वाटतो तेही कळतं. आणि आईला कितीदा करावासा वाटतो, तेही. म्युनिकच्या स्टेशनवर जे करायचं ते यापेक्षा अवघड नसतं. उलट तिथं पाट्या तरी रोमन लिपीत असतात.

किती शहरं?

दहा दिवस असतील तर तीन शहरं. चौथं मनात आलं तर तिसरं काढा. सात देशांचे फोटो टाकणाऱ्यांचा हेवा वाटतो खरा, पण त्यांनी निम्मा वेळ बसस्टँडवर आणि हॉस्टेलच्या चेक-इनच्या रांगेत घालवलेला असतो. शिवाय एकट्यानं प्रवास करताना प्रत्येक शहरबदलाचा सगळा भार एकाच डोक्यावर असतो. सामान, तिकीट, पत्ता, वेळ, भूक. बरोबर कुणी असलं की हे वाटलं जातं.

उदाहरणादाखल, दक्षिण जर्मनीत सेमिस्टर असलेल्या कोल्हापूरकरानं सप्टेंबरात काय करावं? म्युनिकला मुक्काम टाळावा. ऑक्टोबरफेस्ट नावाप्रमाणे ऑक्टोबरात सुरू होत नाही, सप्टेंबरच्या मध्यालाच सुरू होतो आणि त्या दिवसांत तिथल्या साध्या डॉर्ममधल्या खाटेचा भाव ऐकून परत फिरावंसं वाटतं. म्युनिकहून ब्रेनर घाटातली गाडी पकडावी. ती इन्सब्रुक आणि बोल्झानोमार्गे साडेपाच-सहा तासांत व्हेरोनाला सोडते. खिडकीशेजारची जागा आधी ठरवून घ्या. आंबा घाटात वाढलेल्या माणसालाही हा घाट बघावासा वाटेल. व्हेरोनाला दोन रात्री, पुढं बोलोन्याला गाडी बदलून फ्लॉरेन्सला चार.

फ्लॉरेन्स मी मुद्दाम घातलं. तिथं आपलं एक काम आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपला गेले होते. ते परत येताना फ्लॉरेन्समध्ये वारले, तारीख 30 नोव्हेंबर 1870, वय अवघं 20. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले. इटलीत तेव्हा दहन ही नवलाची गोष्ट होती आणि त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली. त्या जागी 1874 मध्ये स्मारक उभं राहिलं. महाराजांचा रंगीत अर्धपुतळा इंग्रज शिल्पकार फुलर यांचा, आणि वरची छत्री चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. हेच मँट पुढं कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकार. लहानपणापासून नवा राजवाडा बघितलेल्याला त्या छत्रीखाली उभं राहिल्यावर काही वेगळं सांगावं लागत नाही.

जायचं कसं? सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनाजवळून टी-1 ट्राम घ्या आणि कशिने थांब्यावर उतरा. तिथून कशिने बागेतून नदीकाठानं पश्चिमेला चालत राहा, अर्धा-पाऊण तास. बाग फार लांबट आहे. मध्येच ‘संपली वाटतं’ असं वाटतं, तेव्हा परतू नका. टोकाला संगम लागतो आणि मागं केबलवर टांगलेला मोठा पूल दिसतो. त्याचं नावही या स्मारकावरूनच पडलंय, ‘पोंते आल्लिन्दियानो’, भारतीयाचा पूल. दिवसाउजेडी जा, बागेच्या त्या टोकाला संध्याकाळी वर्दळ राहत नाही. आणि एक करा. महाराजांनी या प्रवासात रोज डायरी लिहिली, ती कॅप्टन वेस्ट यांनी 1872 मध्ये लंडनमध्ये छापून आणली. त्यांच्याबरोबर लवाजमा होता, तुमच्याबरोबर नाही, पण रात्री चार ओळी लिहायला लवाजमा लागत नाही. कुठं गेलो, किती खर्च झाला, कुणाशी बोललो, एवढं लिहिलं तरी सेमिस्टरभर कामाला येतं.

इटलीतल्या गाड्यांबद्दल एक सूचना, कारण दंड जागच्या जागी भरावा लागतो. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यायची. यंत्र खांबाला किंवा भिंतीला लावलेलं असतं आणि सहज नजरेत भरत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिकीट तपासनिसानं रोज ऐकलेलं असतं. जर्मनीत विनातिकीट सापडलात तर 60 युरो. तिथं महिनाभर राहणार असाल तर डॉइचलांड-टिकेट घ्या. 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 आहे. देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, ट्राम, शहरी बस सगळं त्यात येतं. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. ते वर्गणीसारखं दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं, नको असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करायचं. ही तारीख फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

पंचगंगा आणि विमान

आता आपल्याकडचं. अमेरिका आणि युरोपला जाणारी बहुतेक मुलं ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, म्हणजे नेमकी पुराच्या दिवसांत. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे कोल्हापूरच्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं, पण विमानाचं तिकीट काढताना ते आठवत नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. विमान मध्यरात्री दोनचं आणि तुम्ही आदल्या सकाळी कोल्हापुरातून निघणार, हा जुगार खेळू नका. जुलै-ऑगस्टमधलं उड्डाण असेल तर दोन-तीन दिवस आधीच मुंबई किंवा पुण्यात कुणा नातेवाइकाकडे जाऊन बसा. महालक्ष्मी एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन आहे म्हणून निश्चिंत राहू नका, रुळांवरही पाणी येतंच.

बॅगेत काय भरायचं याच्या याद्या ढिगानं मिळतात. मी खाण्यापुरतंच सांगतो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप सगळं यात आलं. आजीनं प्रेमानं दिलेला तुपाचा डबा कस्टममध्ये कचऱ्यात जाताना बघवत नाही, तेव्हा तो घरीच राहू द्या. कांदा-लसूण मसाला चालतो. तो नीट सीलबंद करून चेक-इनच्या बॅगेत घाला, केबिनमध्ये नको, सुरक्षा तपासणीत तिखट अडवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र बॅगेत टाकू नका. तेलकट असल्यानं त्या पेट घेऊ शकतात, म्हणून आपल्याकडच्या विमान कंपन्या त्या चेक-इनमध्ये घेत नाहीत. पॉवर बँक उलट, ती फक्त केबिनमध्येच.

पैसे, सिम आणि घरचा फोन

कार्ड दोन ठेवा आणि दोन ठिकाणी ठेवा, एक पाकिटात, एक सॅकच्या आतल्या कप्प्यात. एक फॉरेक्स कार्ड, दुसरं बँकेचं, परदेशी व्यवहार चालू करून घेतलेलं. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत पैसे घेऊ का?’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. रुपयांचा पर्याय दिसायला आपला वाटतो, पण त्यातला विनिमय दर यंत्रवाल्याच्या फायद्याचा असतो. पैसे काढायचे तर बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून. पर्यटकांच्या चौकात उभी असलेली सुटी रंगीत एटीएम टाळा.

भारतीय सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि नेमक्या अडचणीच्या वेळी येत नाही. निघण्याआधी रोमिंग चालू आहे ना ते पाहा, सेमिस्टरभर पुरेल एवढी वैधता भरून ठेवा, आणि बोलण्या-इंटरनेटसाठी तिकडचं ई-सिम घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करा, दहा मिनिटांचं काम आहे. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची, तसंच व्हिसाची प्रत मेलमध्ये, फोनमध्ये आणि घरी बाबांकडे. युरोपात कुठल्याही आणीबाणीला 112, अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999.

घरच्यांशी फोनचा करार आधीच करावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंना पाळावा लागतो. ‘पोचलीस की फोन कर’ हा आदेश पहिल्या दिवशी ठीक आहे. रोज प्रत्येक स्टेशनवरून फोन ही मात्र सक्तीची हजेरी होते, आणि एक फोन चुकला की कोल्हापुरात कालवा सुरू. त्यापेक्षा वेळ ठरवा. उन्हाळी वेळेत मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार. तिकडची संध्याकाळ सहा म्हणजे इकडे साडेनऊ, जेवणं झालेली, बातम्या संपलेल्या. ती वेळ बरी. दिवसातून एकदा, एक मेसेज: आज कुठं मुक्काम, उद्या कुठं. फोन आला नाही तर आईबाबांनी किती तास थांबायचं आणि मग कुणाला फोन लावायचा, हेही कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. काळजी त्यानं जात नाही, पण रात्री दोन वाजता मामाला उठवायची वेळ येत नाही.

मुलींसाठी वेगळं लिहावं का, यावर मी बराच विचार केला. दोन गोष्टी वेगळ्या आहेतच. हॉस्टेलमध्ये फक्त मुलींची डॉर्म असते, थोडी महाग पडते, तरी पहिल्या रात्री तीच घ्या. आणि नव्या शहरात अंधार पडल्यावर पोचेल अशी गाडी काढू नका, पाच-दहा युरो जास्त गेले तरी चालतील. बाकी सगळं मुलांनाही तितकंच लागू आहे. हॉस्टेलच्या लॉकरसाठी स्वतःचं छोटं कुलूप न्या. नव्या ओळखीच्या माणसाला मुक्कामाचा पत्ता देऊ नका, आणि वेळ पडली तर उद्धटपणे ‘नको’ म्हणायला शिका. आपल्याकडच्या मुलामुलींना हे शेवटचं सर्वांत अवघड जातं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकटेपणा येतो. हे इथंच सांगून ठेवतो, म्हणजे तिथं घाबरायला होणार नाही. पहिले दोन दिवस नवलाईत जातात, मग एखाद्या संध्याकाळी चौकात सगळे जण कुणाबरोबर तरी बसलेले दिसतात आणि आपण हातात सँडविच घेऊन उभे. त्या वेळी शहर बदलू नका आणि घरी व्हिडिओ कॉल लावून रडूही नका. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी शिजवा. भात आणि पिठलं पुरे. कांदा-लसूण मसाल्याची फोडणी पडली की विचारणारा एखादा येतोच.

परतायचं कधी? ओरिएंटेशनच्या किमान तीन दिवस आधी विद्यापीठाच्या गावी हजर व्हा. ओरिएंटेशन म्हणजे नुसतं स्वागत असं समजून ते बुडवणारे पुढं महिनाभर कुठला फॉर्म कुठं द्यायचा ते विचारत फिरतात. आणि पोचायचा दिवस ठरवताना रविवार टाळा, निदान जर्मनीत आणि ऑस्ट्रियात. तिथं रविवारी किराणा दुकानं बंद असतात, उघडं सापडलंच तर स्टेशनातलं, महाग. शनिवारी दुपारपर्यंत या, मळलेले कपडे धुवायला टाका, दूध, पाव, अंडी, कांदे आणि तांदूळ आणून ठेवा, आणि सोमवारी ज्या इमारतीत जायचंय ती रविवारी सावकाश चालत जाऊन एकदा बघून या.